आजीकडे वाढणारं मूल कागदावर कुणाचं?

ज्यांचे इअरफोन घरी राहिलेत किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आपल्या एपिसोडचा लेखी अवतार. माझे ‘म्हणजे ना’ आणि ‘ॲक्च्युअली’ काढून टाकलेत. बाकी मजकूर बोलले तसाच.

आजचा विषय दत्तक, प्रतिपालकत्व आणि नात्यातलं संगोपन. शब्द जड आहेत, पण एका व्हॉट्सॲप फॉरवर्डपासून सुरुवात करते म्हणजे सोपं जाईल. २०२१ चे एप्रिल-मे आठवा. ऑक्सिजनच्या, बेडच्या मेसेजमध्ये एक वेगळा मेसेजही फिरत होता. दोन लहान मुलं आहेत, आईवडील कोविडने गेले, चांगल्या घरात द्यायची आहेत, खाली मोबाइल नंबर. तुमच्यापैकी अनेकांनी तो कळवळून पुढे पाठवला असेल. तेव्हाच राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने अशा मेसेजविरुद्ध इशारा दिला आणि जून २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानेही अशा बेकायदा दत्तक प्रकारांवर कारवाई करा असं राज्यांना सांगितलं.

का? कारण मूल ही कुणी कुणाला फोनवरून देण्याची गोष्ट नाही. ओळखीच्या नर्सिंग होममधून बाळ घेणं, कुणाच्या तरी लग्नाआधी झालेल्या मुलाला ‘गुपचूप सोय’ म्हणून तिसऱ्याच घरी पोचवणं, हे आपल्याकडे पुण्याचं काम म्हणून सांगितलं जातं. कायद्याच्या भाषेत तो गुन्हा आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात ठरलेली पद्धत सोडून मूल दिलं-घेतलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. पैसे घेऊन दिलं तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत जाते. एकटं पडलेलं मूल दिसलं तर करायचं एवढंच, १०९८ ला फोन. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत.

तिथून ते मूल जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीसमोर जातं. ही समिती म्हणजे एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक महिला. मुलाचं कुणी आहे का हे शोधलं जातं. सापडलेलं मूल दोन वर्षांपर्यंतचं असेल तर दोन महिन्यांत आणि त्याहून मोठं असेल तर चार महिन्यांत ते दत्तक देण्यासाठी मोकळं आहे की नाही हे ठरवायचं असतं. आणि आई स्वतःहून मूल सोपवत असेल तर तिला निर्णय बदलायला साठ दिवस मिळतात. हे साठ दिवस मला या सगळ्या कायद्यातली सगळ्यात माणुसकीची ओळ वाटतात. बाळंतपणानंतरच्या आठवड्यात, घरच्यांच्या दबावाखाली केलेली सही कुणी अंतिम मानू नये.

मग ही मुलं कुणाला मिळतात? केंद्रीय दत्तक ग्रहण संसाधन प्राधिकरण, सगळे त्याला ‘कारा’ म्हणतात, त्यांच्या पोर्टलवर नोंदणी करायची. समाजसेविका घरी येऊन अहवाल लिहितात. मग नंबर लागेपर्यंत थांबायचं. नंबर आला की मुलाची माहिती आणि फोटो दिसतो आणि ४८ तासांत ‘हो’ म्हणून राखून ठेवायचं. नंतर प्रत्यक्ष भेटून ठरवायला ३० दिवस. मी दिवसभर सिस्टिम बनवण्याचंच काम करते, त्यामुळे मला हे पोर्टल आवडलं हे कबूल करते. ओळखीने रांगेत पुढे घुसता येत नाही ही साधी गोष्ट नाही.

पण रांग मोठी आहे. २०२४-२५ या वर्षात काराच्या प्रक्रियेतून ४,५१५ मुलं दत्तक गेली आणि तो गेल्या बारा वर्षांतला सगळ्यात मोठा आकडा होता. संपूर्ण देशाचा, बरं का. निरोगी, लहान बाळ हवं असलेल्यांना तीन वर्षांहून जास्त थांबावं लागतं.

इथे प्रत्येक जण मला एकच प्रश्न विचारतो. अनाथाश्रम तर भरलेले असतात ना? मग मुलं कमी कशी?

भरलेले असतात, पण त्यातली बरीचशी मुलं अनाथ नसतात. कुणाचे वडील तुरुंगात असतात. कुणाची आई धुणीभांडी करून एकटी राहते आणि मुलीला कुठे ठेवायचं म्हणून बालगृहात ठेवते. कुणाचे आजोबा आहेत पण त्यांचंच खायचं वांधं. या मुलांना कुणीतरी आहे. त्यांना दत्तक देता येत नाही आणि मला विचाराल तर देऊही नये. त्यांना नवे आईबाप नकोत, आहेत त्या घराला टेकू हवाय.

आपल्या डोक्यात मात्र मुलाची सोय म्हटलं की ‘दत्तक’ हाच शब्द येतो. त्याला इतिहास आहे. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक मुलगा १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. कागलच्या घाटग्यांचा मुलगा १८८४ मध्ये कोल्हापूरला दत्तक गेला आणि शाहू महाराज झाला. दोन्ही निवडी महाराष्ट्राच्या भल्याच्या ठरल्या, पण दोन्हीकडे प्रश्न गादीला वारस मिळण्याचा होता. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यातही तो वास आहेच. घरात मुलगा असेल तर दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही, मुलगी असेल तर दुसरी मुलगी नाही. २०१५ चा कायदा उलट्या बाजूने विचार करतो. मूल मध्यभागी, त्याला घर शोधायचं. शिवाय तो सगळ्या धर्मांना खुला आहे.

आता ज्याच्यासाठी हा एपिसोड करायचा होता तिथे येते. नात्यातलं संगोपन. ही महाराष्ट्रातली सगळ्यात जुनी व्यवस्था आहे आणि तिची नोंद कुठेच नसते. ‘तो मामाकडे वाढला’, ‘ती आजीकडे असते’. तुमच्या शाळेत वर्गात अशी दोन-तीन मुलं होतीच. ऊसतोडीला गेलेल्यांची मुलं सहा महिने आजीकडे असतात. हे कुणी ‘योजना’ म्हणून करत नाही, घर म्हणून करतं.

माझ्या आत्याकडेही अशीच एक मुलगी आहे. आत्या सांगली जिल्ह्यात राहते. तिची मुलगी, म्हणजे माझी आतेबहीण, २०२१ च्या दुसऱ्या लाटेत गेली. मागे तीन वर्षांची मुलगी. वडील आहेत, पिंपरीत नोकरी करतात, आता दुसरं लग्न झालंय. वाईट माणूस अजिबात नाही. फोन करतात, जमेल तसे पैसे पाठवतात, दिवाळीला घेऊन जातात. पण मुलीचा डबा, वेणी, ताप, गृहपाठ सगळं आत्याकडे. आत्याचं वय ६१.

गेल्या पावसाळ्यात ही पोर झाडावरून पडली आणि कोपराचं हाड मोडलं. भूल देऊन हाड बसवायचं होतं. दवाखान्यात फॉर्मवर पालकाची सही मागितली. आत्याने पेन हातात घेतलं तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, “आजी, तुमची नाही चालणार. आईवडिलांची लागेल.” वडील तिकडे नाइट शिफ्ट करून झोपलेले. दोन तास फोन लागत नव्हता. शेवटी व्हॉट्सॲपवर सही केलेला कागद आला आणि काम झालं. त्या दोन तासांत पोरगी हात छातीशी धरून बाकावर बसून होती आणि आत्या मला फोनवर एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होती, “अगं, पाच वर्षं मीच बघतेय ना हिला?”

मुद्दा इथेच आहे. मूल घरात असणं ही एक गोष्ट आणि त्याच्या वतीने सही करता येणं ही दुसरी. शाळेचा दाखला, बँकेचं खातं, ऑपरेशन, सगळीकडे दुसरी गोष्ट विचारली जाते. आमच्या कामाच्या भाषेत सांगायचं तर आत्याला काम पूर्ण दिलेलं होतं आणि ॲक्सेस शून्य.

घरात मग चर्चा सुरू झाली. पहिला सल्ला अर्थातच एका काकांचा. स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरी करून घ्या की झालं. नाही होत. नोटरीसमोर सही केली म्हणजे ती सही अमुक माणसाने केली एवढंच सिद्ध होतं. त्याने कुणी कायदेशीर पालक होत नाही.

दुसरा सल्ला, कोर्टाकडून पालकत्व घ्या. त्यासाठी १८९० चा पालक व पाल्य कायदा आहे आणि अर्ज जिल्हा न्यायालयात होतो. आईवडील दोघेही नसतील तर आजी-आजोबांसाठी हा रस्ता चांगला आहे. पण इथे वडील हयात आहेत, धडधाकट आहेत. वडील मुलाला सांभाळायला अपात्र आहेत असं दाखवल्याशिवाय कोर्ट दुसरा पालक नेमत नाही. म्हणजे एका बऱ्या माणसाला कोर्टात नालायक ठरवायचं, आणि तेही त्याच्या मुलीसाठी. आत्या म्हणाली, “तिला उद्या मोठी झाल्यावर काय सांगू?” विषय तिथेच संपला.

तिसरा, दत्तकच घेऊन टाका. आत्याचा मुलगा, म्हणजे मुलीचा मामा, तयार होता. कायद्याने नात्यात दत्तक घेता येतं. आजी-आजोबा, काका, आत्या, मामा, मावशी एवढी नाती त्यात धरली आहेत, दोन्ही बाजूंची. नात्यातल्या दत्तकाला वयाची ती नेहमीची मर्यादाही नाही, त्यामुळे ६१ वर्षांची आजीसुद्धा अडत नाही. (मी त्या मुलीची मावशीच लागते, रोज मावशी म्हणून फोन येतो. पण त्या यादीत चुलत, मावस, आते, मामे असं काही लिहिलेलं नाही. कायद्याच्या तक्त्यात मी कुणीच नाही. वाचताना थोडं लागलं.) मात्र हयात वडिलांची संमती लागते आणि मूल पाच वर्षांचं झालेलं असेल तर त्याचीही. आणि दत्तक झालं की वडिलांचं कायदेशीर नातं तुटतं. कायमचं, परत फिरवता येत नाही. या मुलीला तिचे पप्पा हवे आहेत. दत्तक म्हणजे सगळ्यात मोठं प्रेम, सगळ्यात वरची पायरी, असं आपल्याला वाटतं. इथे त्याचा अर्थ एक चालू असलेलं नातं कागदावर मारून टाकणं असा झाला असता.

मग उपयोगी पडली ती बालसंगोपन योजना. आता तिचं पूर्ण नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. दोन्ही पालक गेले, एक पालक गेला, पालक गंभीर आजारी आहेत, अशा मुलांनी संस्थेत न जाता घरातच राहावं म्हणून महाराष्ट्र सरकार दरमहा पैसे देतं. आधी ११०० रुपये मिळायचे, २०२३ मध्ये २२५० झाले. वयाच्या १८ वर्षांपर्यंत. जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज करायचा. आईचा मृत्यू दाखला, सगळ्यांची आधार कार्डं, रेशन कार्ड, तहसीलदारांचा उत्पन्न दाखला, शाळेचं बोनाफाईड, बँक पासबुक, मुलाचा सांभाळणाऱ्यांसोबत फोटो. मग घरी भेट होते आणि बाल कल्याण समिती आदेश काढते.

आत्याने हा अर्ज आधीच करायला हवा होता असं तुम्ही म्हणाल. तिला योजना माहीत होती. गावात आशाताईंनी सांगितलं होतं. पण तिची दोन उत्तरं होती. एक, “स्वतःच्या लेकीच्या लेकीला सांभाळायचे पैसे कसले मागायचे?” दोन, आणि हे ती हळू आवाजात सांगायची, “ऑफिसात नाव गेलं की पोरीला आश्रमात नेतील.” ही भीती मी नंतर खूप आज्यांकडून ऐकली. प्रत्यक्षात संपूर्ण कायद्याचा रोख उलटा आहे. संस्था हा शेवटचा उपाय, घर हा पहिला. पण सरकारी ऑफिसच्या दारात उभ्या असलेल्या बाईला हे कलम वाचून कोण दाखवणार? तिथे तुमच्यासारखं फॉर्म भरता येणारं, फोनवर कागद स्कॅन करणारं कुणीतरी घरातलं लागतं. मदत म्हणजे बहुतेक वेळा एवढीच असते. एक सुट्टी टाकून सोबत जाणं.

समितीसमोर त्या पोरीला विचारलं, तुला कुठे राहायचंय? ती म्हणाली, “आजीकडे. पण दिवाळीला पप्पांकडे.” आठ वर्षांच्या मुलीने सगळ्या मोठ्यांपेक्षा स्वच्छ उत्तर दिलं. आदेशात संगोपन आजीकडे असल्याचं लिहिलं गेलं. वडिलांनी वेगळं पत्र दिलं, की शाळा आणि दवाखान्याच्या कामांसाठी आजीच्या सहीला माझी संमती आहे. शाळेने दोन्ही कागद फाइलला लावून घेतले. ॲक्सेस अजूनही पूर्ण नाही. उद्या मोठं ऑपरेशन असेल तर वडिलांना फोन करावाच लागेल. पण बाकावर बसायची वेळ बहुधा येणार नाही.

अजून दोन गोष्टी झटपट. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे दरमहा ४००० रुपये आहेत, त्याला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे, गावात ७२ हजार आणि शहरात ९६ हजार. आणि कोविडमध्ये दोन्ही पालक गेलेल्या मुलांना राज्याची पाच लाखांची ठेव आणि केंद्राची दहा लाखांची पीएम केअर्स योजना होती. माझ्या भाचीला ती लागू नव्हती, कारण वडील आहेत.

प्रतिपालकत्व हे आपल्याकडे फारसं माहीत नसलेलं. इथे मूल नात्याबाहेरच्या कुटुंबात काही काळासाठी राहतं. ते कुटुंब आईवडील होत नाही, सांभाळ करतं. मुलाचं स्वतःचं घर सावरलं तर मूल परत जातं. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी यात मोठे बदल केले. आता ३५ ते ६० वयाची एकटी व्यक्तीही, मग लग्न न झालेली असो, घटस्फोटित असो किंवा विधवा असो, हे करू शकते. आणि मूल दत्तक देण्यासाठी मोकळं असेल तर दोन वर्षं सांभाळल्यावर त्याच कुटुंबाला दत्तक घेता येतं. आधी पाच वर्षं लागायची. सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी हे महत्त्वाचं आहे, कारण रांगेतल्या बहुतेकांना बाळ हवं असतं आणि ही मुलं मागे राहतात.

आता बोलण्याबद्दल थोडं. आपल्या घरात एक ठरलेला विनोद असतो. “तुला बोहारणीकडून भांडं देऊन घेतलंय.” भावंडांना चिडवायला आपण सगळ्यांनी वापरलाय. ज्या घरात खरंच दत्तक आलेलं मूल बसलंय तिथे त्याचा अर्थ वेगळा ऐकू येतो. तसंच ‘खरे आईवडील कोण?’ हा प्रश्न. ज्यांनी जन्म दिला त्यांना जन्मदाते म्हणा, काम भागतं. शाळांमध्ये वंशवृक्षाचा प्रकल्प देतात, तुमचे बाळपणीचे फोटो आणा म्हणतात. सात वर्षांचा असताना घरी आलेल्या मुलाकडे तो फोटो नसतो. तुमच्यापैकी कुणी शिक्षक असेल तर प्रकल्पाचं नाव ‘माझ्या घरातली माणसं’ करा, कुणाचंच काही बिघडत नाही.

आणि मुलाला सांगायचं का? सांगायचं, लवकर, आणि गोष्ट सांगावी तसं, अनेकदा. एकदाच बसवून ‘आता तुला मोठी गोष्ट सांगायची आहे’ असं नाही. सोळाव्या वर्षी लग्नात कुणीतरी दूरच्या काकूने सांगितलेलं कळणं हे सगळ्यात वाईट. दत्तक गेलेल्या व्यक्तीला १८ नंतर स्वतः अर्ज करून आपल्या मुळांची माहिती मागता येते, आणि तो हक्क कायद्याने मान्य केलाय.

शेवटी एका श्रोत्याचा मेसेज घेते. तो विचारतो, मी २७ वर्षांचा आहे, लग्न करायचं नाही, पण बाबा व्हायचंय. मुलगी दत्तक घेता येईल का?

मुलगी नाही. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक देत नाहीत. मुलगा घेता येईल, पण पालक आणि मूल यांच्या वयात किमान २५ वर्षांचं अंतर लागतं. म्हणजे आज तुला दोन वर्षांपर्यंतचंच मूल मिळू शकतं, आणि तिथेच रांग सगळ्यात मोठी आहे. गंमत म्हणजे रांगेत तुझं वय वाढत जाईल तसं तुला मोठं मूलही चालू शकेल. नोंदणी करायची असेल तर काराच्या वेबसाइटवरूनच कर, फीचा तक्ता तिथेच आहे. ‘लवकर करून देतो’ म्हणणारा एजंट भेटला तर त्याचा नंबर मला नाही, पोलिसांना पाठव.